साडेचार फुटांची रेघ

परवा आपल्या जत्रेत ब्रेकडान्सच्या पाळण्यापाशी भांडण झालं. तुमच्यापैकी बरेच जण तिथे होते. तिकिटं घेणारा पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा, बोलण्यावरून बाहेरगावचा. एका लहान मुलीला तो आत सोडेना. वडील म्हणत होते, "अरे, मी बसतोय ना शेजारी, मी धरतो तिला." पोरगा नाही म्हणत राहिला. मागची रांग ओरडायला लागली. शेवटी गल्ल्यावरून मालकाचा आवाज आला, "अरे जाने दे!" पोरगा बाजूला झाला.

मुलगी हसत उतरली. काहीही झालं नाही. पण तो फेरा संपेपर्यंत मी जागचा हललो नाही. बायको म्हणाली, चला की. तिला काय सांगणार! एके काळी त्या पोराच्या जागी मी उभा होतो.

१९९८ आणि १९९९ असे दोन उन्हाळे मी एका अम्युझमेंट पार्कात राइडवर काम केलं. पार्कचं नाव सोडून द्या, ते महत्त्वाचं नाही. कॉलेजची फी भरायची होती. कामाला लागलो तेव्हा एक टोपी, एक शिट्टी आणि दोन टी-शर्ट मिळाले. रांग लावायची, उंची बघायची, माणसं बसवायची, मांडीवरचा बार लॉक झालाय का ते ओढून बघायचं आणि अंगठा वर करायचा. बटण दाबणारा वेगळा असायचा.

आमच्या पार्कात दोन ठिकाणी एकाच उंचीची रेघ होती, ४ फूट ६ इंच. पहिली तिकिटाच्या खिडकीपाशी. त्या रेघेखालच्या मुलाला अर्धं तिकीट. दुसरी मोठ्या राइडच्या दारात. त्या रेघेखालच्या मुलाला प्रवेश नाही.

आता गंमत बघा. खिडकीपाशी आईबाप पोराच्या कानात सांगायचे, "गुडघे वाकव जरा, मान खाली घाल." आपण सगळे एसटीत बाराचे अकरा सांगत वाढलोय, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. पण अर्ध्या तासात तेच कुटुंब माझ्यासमोर यायचं आणि तोच मुलगा टाचा उचलून उभा असायचा. बुटात वर्तमानपत्राच्या घड्या. मुलगी असेल तर डोक्यावर उंच बुचडा. सकाळी दहाला चार फूट पाच इंच असलेलं पोर साडेदहाला चार फूट सात इंच झालेलं असायचं.

आणि मग वाद सुरू. "तो घाबरत नाही हो अजिबात." "मागच्या वर्षी तर सोडलं होतं." "एवढ्या लांबून गाडी करून आलोय." "तू कोण मला शिकवणारा? मॅनेजरला बोलव." या सगळ्याला मी काही ना काही उत्तर द्यायचो. एका प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. "एका इंचानं काय होतं?" मला खरंच माहीत नव्हतं. पार्कात कुणी सांगितलंच नव्हतं. रेघ आहे म्हणजे आहे.

ते उत्तर मला पुढे बऱ्याच वर्षांनी वाचून कळलं. ते कळायला या खेळांचा इतिहास थोडा मागे जाऊन बघावा लागतो.

न्यूयॉर्कच्या समुद्रकाठी कोनी आयलंड नावाची जागा आहे. तिथे १८८४ साली लामार्कस थॉम्पसन नावाच्या माणसानं लोकांना बसवून उतारावरून नेणारी गाडी सुरू केली. तिकीट पाच सेंट, वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर. लोक बाकावर आडवे बसायचे आणि समुद्र बघायचे. आपली बैलगाडी उतारावर सुटली तर याहून जोरात जाईल. अशा गाडीला उंचीची पाटी कशाला लागेल?

मग वेगाची हौस वाढली. १८९५ मध्ये तिथेच फ्लिप फ्लॅप नावाची राइड आली. ती माणसाला गोल रिंगणातून उलटं फिरवून आणायची आणि उतरल्यावर लोक मान धरून चालायचे. माणसाच्या अंगाला किती सोसतं, हे ते रूळ आखताना कुणी पाहिलंच नव्हतं.

मोठा बदल झाला तो १९१९ साली. जॉन मिलर या अमेरिकी माणसानं रुळाच्या खालच्या बाजूनंही चाक लावायच्या युक्तीचं पेटंट घेतलं. वर चाक, खाली चाक, मधे रूळ. आता गाडी रूळ सोडून उडूच शकत नव्हती. त्यामुळे चढ उंच झाले, उतार खडे झाले. १९२७ मध्ये कोनी आयलंडवर सायक्लोन सुरू झाली. ८५ फूट उंच आणि वेग ताशी सुमारे ९५ किलोमीटर. ती आजही चालते. आज तिच्या दारात उंचीची पाटी आहे आणि तिच्यावर आकडा आहे ५४ इंच. म्हणजे साडेचार फूट. आमचीच रेघ!

मिलरच्या चाकानं गाडी रुळाला बांधली गेली. पण आत बसलेला माणूस? गाडी टेकडीच्या माथ्यावरून झपकन खाली वळते तेव्हा गाडीला रूळ खाली ओढतो, माणसाला कोण ओढणार? त्याचं अंग सरळ पुढे, वरच्या दिशेनं जाऊ बघतं. पोटात गोळा येतो म्हणतो ना आपण, तो तिथला. त्या क्षणी माणसाला गाडीत ठेवतो तो फक्त मांडीवरचा बार.

आता "एका इंचानं काय होतं" याचं उत्तर.

दोघांना मिळून एक बार असेल तर तो जाड मांडीवर अडतो. शेजारी वडील बसले की बार त्यांच्या मांडीवर थांबतो आणि पोराच्या मांडीवर वीतभर जागा मोकळी राहते. म्हणजे "मी बसतोय ना बरोबर" म्हणणारा बापच त्या पोराचा बार सैल करत असतो. दुसरं, बुटक्या मुलाचे गुडघे सीटच्या कडेला वाकत नाहीत. पाय पुढे लोंबतात, तळव्याला फळी लागत नाही आणि ते खाली घसरतं. तिसरं, लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं आणि मान कच्ची. खांद्यावरून येणारा हार्नेस मोठ्याच्या खांद्यावर बसतो, लहानाच्या कानाशी येतो.

आणि "मी धरतो"? जोरदार वळणावर अंगावर तिप्पट भार येतो. वीस किलोचं पोर साठ किलोचं होतं, तेही अर्ध्या सेकंदात. कुठल्याही बापाच्या हातात तेवढी ताकद नाही. प्रेम कितीही असो.

मग उंचीच का, वय का नाही? कारण वय सांगावं लागतं आणि सांगणारा खोटं बोलू शकतो. उंची दिसते. तीन सेकंदांत, रांग न थांबवता, कमी शिकलेल्या पोरालाही मोजता येते. म्हणजे ती रेघ काही मुलाच्या धीटपणाची परीक्षा नाहीये. हाड, मांडी, गुडघा, खांदा या सगळ्याचा तो एक ढोबळ अंदाज आहे.

हे सगळं मला १९९९ च्या मे महिन्यात माहीत असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशी एक मोठा ग्रुप आला होता. कुणीतरी साहेब, त्यांचे पाहुणे आणि एक साताठ वर्षांचा मुलगा, रेघेपेक्षा चांगला चार बोटं कमी. मी नाही म्हणालो. साहेबांनी मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं माझ्याकडे न बघताच हात हलवला, सोड. मी सोडलं. मुलगा मावशीच्या शेजारी बसला. मी बार ओढून बघितला, घट्ट होता. मावशीच्या मांडीवर घट्ट होता. मी अंगठा वर केला.

पहिल्या उतारावर मला त्या पोराच्या आणि सीटच्या मधून पलीकडचं आभाळ दिसलं. एक क्षणच. मग गाडी वळली.

तो परत आला तेव्हा हसत होता. मावशीला म्हणाला, "अजून एकदा!" साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. बघ, काही झालं का? मी पुढची रांग लावली, पण शिट्टी वाजवायला तोंडात वारा राहिला नव्हता. आमच्याकडे एक वयस्कर मेकॅनिक होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांनी ते लांबून पाहिलं होतं. संध्याकाळी बूट काढता काढता एवढंच म्हणाले, "पट्टीला तोंड नसतं रे. तिचं तोंड तू आहेस. तूच गप्प बसलास तर ती नुसता रंग."

मी जूनमध्ये काम सोडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा इथल्या पार्कात उंचावरून खाली सोडणाऱ्या राइडमधून एक १२ वर्षांचा मुलगा निसटून पडला आणि गेला. हार्नेसनं त्याला नीट धरलं नव्हतं. हे मी फार पुढे वाचलं तेव्हा मला पुन्हा ते आभाळ दिसलं.

तुम्हाला वाटेल, अमेरिकेत तरी सगळं कडक असेल. तसं नाही. १९८१ मध्ये तिथल्या संसदेनं कायमस्वरूपी पार्कांमधल्या राइड केंद्राच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अखत्यारीतून काढून टाकल्या. गावोगाव फिरणारे पाळणे आयोगाकडे राहिले, मोठी पार्कं सुटली. तपासणी करायची की नाही, हे प्रत्येक राज्यावर. कॅलिफोर्नियानं कायमस्वरूपी पार्कांच्या सरकारी तपासणीचा कायदा केला तो १९९९ मध्येच, त्या ऑगस्टनंतर.

२०१६ चं उदाहरण तर विसरता येत नाही. कॅन्सस राज्यात 'फेरुक्ट' नावाची पाण्याची घसरगुंडी होती. जर्मन शब्द, अर्थ 'वेडा'. १६८ फूट उंच, जगातली सर्वांत उंच म्हणून २०१४ मध्ये विक्रमात नोंदलेली. उंचीची अट? ५४ इंच. पुन्हा तेच साडेचार फूट. ७ ऑगस्ट २०१६ रोजी पार्कानं लोकप्रतिनिधींना कुटुंबासह बोलावलं होतं. राज्याच्या विधानसभेतल्या एका सदस्याचा दहा वर्षांचा मुलगा तराफ्यात पुढे बसला, मागे दोन मोठ्या बायका. दुसऱ्या उंचवट्यावर तराफा हवेत उडाला. मुलगा जागीच गेला.

त्या मुलाची उंची अटीत बसत होती. म्हणजे रेघेनं आपलं काम केलं होतं. पण रेघेमागे गणित लागतं आणि तेच कच्चं होतं. घसरगुंडी आखणाऱ्यांकडे अभियांत्रिकीचं शिक्षण नव्हतं, असं पुढे आरोपपत्रात म्हटलं गेलं. २०१९ मध्ये खटला तांत्रिक कारणावरून रद्द झाला, घसरगुंडी त्याआधीच पाडली होती. त्या राज्यात तोवर सरकारी माणसानं दरवर्षी येऊन तपासायची सक्ती नव्हती. नियम कडक झाले २०१७ मध्ये. ज्या सभागृहानं आधीचे सैल नियम चालवून घेतले, त्याच सभागृहात त्या मुलाचे वडील बसत होते.

आणि २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या ओर्लँडोत उलट घडलं. ४३० फूट उंच टॉवरवरून १४ वर्षांचा मुलगा पडला. तो लहान नव्हता, त्या सीटसाठी फार मोठा होता. हार्नेस पुरेसा बंद झाला नाही तर राइड सुरूच होऊ नये म्हणून सेन्सर असतो. त्या सीटचा सेन्सर हातानं बदलून ठेवला होता, असं तपासात निघालं. म्हणजे यंत्र 'नाही' म्हणणार होतं, कुणीतरी त्याचंही तोंड बंद केलं. आमच्या मॅनेजरनं हात हलवला होता, तसंच.

आता आपल्या जत्रेकडे येऊ.

आपल्याकडे पूर्वी लाकडी रहाटपाळणा असायचा. चार पेट्या, हातानं फिरवायचा. पाळणेवाला माणसं बघून बसवायचा, जडाच्या समोर जड. पोर लहान असेल तर आईच्या ओच्यात दे म्हणायचा किंवा उपरण्यानं बांधायचा. भार त्याच्याच हाताला लागत होता, त्यामुळे चूक लगेच कळायची. आता मोटर आहे. मोटरला भार कळतो, पोर कळत नाही.

भांडणानंतर मी त्या पोराला गाठलं, दोघांनी चहा घेतला. उंची कशी मोजतोस म्हणून विचारलं. त्यानं हात छातीला लावून दाखवला. "इथवर आला की सोडतो." त्याच्याकडे पट्टी नाही, पाटी नाही. मालकाला किती फेऱ्या भरल्या ते बघायचं असतं. रात्री मुक्काम त्याच पाळण्याखाली. अशा पोरावर आपण आपल्या मुलांचा जीव सोपवतो आणि त्यानं नाही म्हटलं की त्यालाच ओरडतो.

त्या वडिलांवर माझा राग नाही. वर्षातून एकदा जत्रा येते, पोर हट्ट करतं, रांगेत चारचौघांत नाही ऐकून घ्यायला जड जातं. मीही आज बाप आहे. म्हणून सगळा भार बापांच्या समजूतदारपणावर टाकू नये.

यात्रा कमिटी आणि नगरपालिका, दोघांकडे मी येत्या आठवड्यात लेखी अर्ज देणार आहे. मागण्या तीनच आहेत. एक, मोटरवर चालणाऱ्या प्रत्येक पाळण्याच्या दारात उंचीची पाटी, बनवणाऱ्यानं दिलेल्या आकड्याप्रमाणे. तो आकडा मालकाला दाखवता आला नाही तर परवानगी नाही. दोन, दारातल्या माणसानं नाही म्हटलं तर मालकासकट कुणीही ते फिरवायचं नाही, ही अट परवानगीच्या कागदावर लिहिलेली. तीन, जत्रेच्या दिवसांत कमिटीचा एक माणूस संध्याकाळी तिथे उभा, त्या पोराच्या बाजूनं.

पाट्यांचा खर्च कोण करणार, असं कुणी विचारलंच तर पाट्या मी रंगवून देतो. पत्रा आणि रंग माझा. अर्जावर सही करायची असेल त्यांनी रविवारी सकाळी देवळाच्या पारावर या. आणि पूर्वी पाळण्यावर, पार्कात, कुठेही दारात उभं राहून काम केलं असेल तर नक्की या. "एका इंचानं काय होतं" हे कमिटीला समजावून सांगायला तुमच्यासारखी माणसं लागतील.