वाटखर्ची

वेस्ट मांबलममध्ये मी भाड्याचं घर शोधत होते, तेव्हा एका दारावर तमिळमध्ये पाटी होती: फक्त शाकाहारी कुटुंबासाठी. दार उघडणाऱ्या मामींनी भाड्याचा आकडा सांगण्याआधी तीन प्रश्न विचारले. गाव कुठलं, घरात अंडं तरी शिजतं का, आणि तुम्ही कोणापैकी. तिन्ही उत्तरं त्यांना पटली. त्या दारातून बाजूला झाल्या, ‘उळ्ळे वांगो’ म्हणाल्या आणि पाठोपाठ कॉफी आली. शहर अनोळखी, तमिळ मोडकंतोडकं, ओळखीचं कुणी नाही. तरी तासाभरात चावी माझ्या हातात होती. कित्येक वर्षं मी ही हकीकत चेन्नईच्या अगत्याचा नमुना म्हणून सांगत आले.

आता सांगत नाही. कारणं दोन. एक धर्मानंद कोसंबींचं पुस्तक, दुसरी गेल्या वर्षीची एक दुपार. दुपारीचं शेवटी सांगते.

आमच्या गच्चीवरून रूळ दिसतात. एग्मोरहून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या मांबलम स्टेशनातून धडधडत निघून जातात. विसाव्या शतकाच्या आरंभी या रुळांच्या पूर्वेला आजचं टी. नगर नव्हतं, लांबच लांब तळं होतं. १९२०च्या दशकात ते आटवून नवी वसाहत झाली. आमच्या बाजूला लेक व्ह्यू रोड एवढं नाव उरलं. सिलोनला जाणारा प्रवासी तेव्हा एग्मोरला गाडीत बसे, तंजावर, तिरुच्चिरापल्ली, मदुरा मागे टाकत तूतुकुडीला उतरे आणि तिथून आगबोटीने कोलंबोला जाई. पांबनचा पूल होऊन धनुष्कोडीची वाट खुली व्हायला १९१४ साल उजाडावं लागलं. १९०२ साली धर्मानंद मद्रासमार्गे सिलोनला गेले. गच्चीत कपडे वाळत घालताना गाडी आली, की तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसलेला पंचविशीतला तो माणूस मला आठवतो.

धर्मानंदांचा जन्म १८७६चा, गोव्यातल्या साखवाळचा. शिक्षण जेमतेम, पण ‘बालबोधमेवा’ मासिकात वाचलेलं बुद्धाचं चरित्र मनात घर करून बसलेलं. १८९९च्या अखेरीस ते घरातून निघाले. पश्चिम हिंदुस्थानात तेव्हा दुष्काळ होता आणि प्लेग अजून सरला नव्हता. पुण्यात ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले, पुढे ग्वाल्हेरवरून काशीला पोचले. तिथे संस्कृत शिकले. मग नेपाळ, बोधगया, कलकत्ता, मद्रास, सिलोन आणि पुढे ब्रह्मदेश. साखवाळचा माणूस पोर्तुगीज प्रजाजन, म्हणजे खरं तर बेळगावपासूनच त्यांचा परदेश सुरू झाला होता. या भटकंतीची हकीकत त्यांनी ‘निवेदन’मध्ये लिहिली. ती आधी गोव्याच्या ‘भारत’ पत्रातून क्रमशः आली आणि १९२४ साली पुस्तकरूपाने निघाली.

आजच्या तरुणांना हा माणूस आपलासा वाटावा. एकटा, जवळ पैसा नाही, पुढचा मुक्काम ठरलेला नाही, पुढच्या देशाची भाषा येत नाही. लिफ्ट मागत जग फिरणारी मुलं जे सांगतात, की निघालं की माणसं भेटतात आणि सोय होते, तेच इथे पानोपानी आहे. वाटेत कुणी तिकिटाला पैसे देतो, कुणी पुढच्या गावच्या माणसाला चिठ्ठी देतो, कुणी जेवू घालतो. मराठीत हे नवंही नव्हतं. वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फिटावं म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेत गेले आणि बंडात सापडले. ‘माझा प्रवास’मध्ये ते वारंवार लुटले जातात, उपाशी राहतात आणि तरीही पुन्हा कुणाच्या तरी घरी पाटावर बसतात. भिक्षुकाची वाटखर्ची त्याच्या जिभेवर असे.

वाटखर्ची हा शब्द माझ्या मनातून जाईना. धर्मानंदांजवळ पैसे नव्हते हे खरं, पण म्हणून काहीच नव्हतं का?

काशीचं उदाहरण घेऊ. मराठी संस्थानिकांनी आणि सावकारांनी तिथे अन्नछत्रं घातली होती. परगावाहून आलेला विद्यार्थी छत्रात जेवे, गुरूच्या घरी पाठ घेई आणि घाटावर कुठेतरी झोपे. धर्मानंद असेच छत्रात जेवून शिकले. पण छत्राची पंगत ब्राह्मणांची. मराठा, महार किंवा मुसलमान मुलाला काशीत संस्कृत शिकायची कितीही ओढ असली तरी ते पान त्याच्यासाठी मांडलेलं नव्हतं. नेपाळातही तेच. राणांचं राज्य परक्यांना बंद होतं. शिवरात्रीला मात्र पशुपतिनाथाच्या यात्रेकरूंना वाट मोकळी असे. रक्सौलच्या पुढे तराईचं रान, मग भीमफेदी, मग उभा चढ. १९०२च्या आरंभी धर्मानंद एका ओळखीच्या नेपाळी तरुणाबरोबर ही वाट चढले. बुद्धाच्या शोधात निघालेल्या माणसाला बुद्धाच्या जन्मदेशात शिवाचा यात्रेकरू म्हणून शिरता आलं. जानवं आणि संस्कृत ही त्यांची वाटखर्ची होती. ती दिसत नाही, कारण ती खर्चल्याने संपत नाही.

नेमक्या त्याच काळातला दुसरा एक प्रवास आहे. साल १९०१. साताऱ्याहून काही मुलं वडिलांकडे निघाली. चांगले कपडे, बरोबर भरपूर फराळ, खिशात पैसे. मसूर स्टेशनावर उतरली तर न्यायला कुणी नाही, पत्र पोचलंच नव्हतं. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुलांनी जात सांगितली, तसा तो आपल्या खोलीत निघून गेला. गाडीवाले दुप्पट भाडं देऊनही न्यायला तयार होईनात. शेवटी तोड निघाली ती अशी: भाडं दुप्पट द्यायचं, गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने पायी चालेल. रात्री टोलनाक्यावर त्यांनी पाणी मागितलं, आपण मुसलमान आहोत असं सांगून पाहिलं. पाणी मिळालं नाही. डबे उघडले तरी घास उतरेना, मुलं उपाशीच झोपली. त्यांतल्या एका मुलाचं नाव भीमराव आंबेडकर. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणांत, प्रौढपणी, त्यांनी हे लिहून ठेवलं.

युरोप-अमेरिकेतला वाटसरू अंगठा उंचावून गाडी थांबवतो. आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे नकार. दोन्ही अर्थ या दोन प्रवासांत एकाच वेळी जिवंत आहेत. बिनपैशाचा एक जण देशोदेशी पोचला आणि पैसे असलेल्या मुलांना एका रात्रीची गाडी मिळेना. धर्मानंदांचं धाडस याने कमी होत नाही. पण ‘निघालं की सोय होते’ या वाक्याला कर्ता असतो, हे लक्षात येतं. कुणाची सोय होते?

मी तमिळमधून मराठीत अनुवाद करते, त्यामुळे छत्र हा शब्द मला दुसऱ्या बाजूनेही भेटतो. तमिळमध्ये तो चत्तिरम होतो: वाटसरूंचा निवारा आणि जेवण. तंजावरच्या भोसल्यांनी रामेश्वरच्या यात्रामार्गावर असे निवारे बांधले. दुसऱ्या सरफोजींच्या काळातलं १८०२चं मुक्तांबाळ चत्तिरम ओरत्तनाडूला आहे. आधीच्या वर्षी कंपनीच्या रेसिडेंटला पाठवलेल्या पत्रात सरफोजींनी या निवाऱ्यांचा कारभार सांगितला होता. ब्राह्मणापासून परैयापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, कुणालाही वगळायचं नाही; शिजवलेला भात नको असेल त्याला शिधा द्यायचा; आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा करायचा, की ज्याला अजून जेवण मिळालेलं नाही त्याने यावं. पंगत एक नसणारच. राजाला आपलं दानही कंपनीच्या नजरेत भरवायचं होतं. तरी मराठी राजाने तमिळ मुलखात ‘कोण आहेस’ न विचारता ‘जेवलास का’ असं विचारायची रीत घातली होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. धर्मानंदांची गाडी तंजावरवरूनच गेली असणार.

सिलोनमध्ये धर्मानंदांनी कोलंबोच्या विद्योदय विहारात सुमंगल स्थविरांपाशी श्रामणेर दीक्षा घेतली. आता जानव्याची जागा चीवराने घेतली आणि छत्राची जागा भिक्षापात्राने. सिंहली येत नव्हती. संस्कृत आणि नंतर पालीवर काम चाललं. अन्न मानवेना, प्रकृती बिघडली, आणि १९०३ साली ते मद्रासला परतले. पण भूगोल आणि भाषा दोन्ही परक्या असताना, जन्मावर नव्हे तर घेतलेल्या व्रतावर मिळालेलं ते जेवण होतं. मला हे वळण त्यांच्या प्रवासातलं सर्वांत लांबचं अंतर वाटतं. तिथेही दाराला पहारा होताच. सुमंगल ज्या सयाम निकायाचे, त्यात सिंहली भिक्षू होण्याचा हक्क गोयिगम जातीपुरता होता. त्यातूनच एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमरपुर निकाय वेगळा निघाला.

आणि धर्मानंद ज्या मद्रासमधून गेले तिथे काही माणसं हाच प्रश्न खालच्या बाजूने सोडवत होती. पंडित अयोत्तिदासांनी १८९८ साली दलितांसाठी शाक्य बौद्ध संघ काढला होता. प्राध्यापक लक्ष्मी नरसूंचं ‘द इसेन्स ऑफ बुद्धिझम’ १९०७ला आलं. १९४८च्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली ती मसूरच्या त्या रात्रीतल्या मुलाने.

‘एकट्याचा प्रवास’ या शब्दांविषयीही थोडं सांगितलं पाहिजे. धर्मानंद निघाले तेव्हा त्यांची मुलगी तान्ही होती. पत्नी बाळाबाई मागे राहिल्या. १९०६ साली ते चीवर उतरवून संसारात परत येईपर्यंतची वर्षं त्यांनी काढली. त्यांचं ‘निवेदन’ नाही. ज्ञानासाठी निघालेल्या माणसाची अर्धी वाटखर्ची अशी घरी भरली जाते आणि तिची नोंद होत नाही. धर्मानंद पुढे हार्वर्डला चार वेळा गेले, विशुद्धिमग्गाच्या संपादनासाठी झटले, मराठी वाचकाला बुद्ध दिला. मी त्यांची ऋणी आहे. म्हणूनच हिशेब पुरा मांडावासा वाटतो.

हिशेबात माझंही नाव आहे. २०१३ साली मी श्रीलंकेत एकटी हिंडत होते. माताराहून तिस्समहारामला जाणारी बस चुकली आणि एका कुटुंबाने व्हॅन थांबवली. पौर्णिमेचा दिवस, सगळे पांढऱ्या कपड्यांत, मांडीवर कमळं. मी नुकतीच फोनवर घरमालकीण मामींशी तमिळमध्ये बोलले होते आणि ते पुढच्या सीटवरच्या बाईंनी ऐकलं असावं. त्यांनी मागे वळून विचारलं, ‘तमिळ?’ युद्ध संपून चार वर्षं झाली होती. प्रश्न पुरा व्हायच्या आत मी म्हणाले, ‘नाही, नाही. मराठी. मुंबई.’ त्यांनी हसून मला केळी दिली. मी तमिळ असते तर त्यांनी उतरवलं असतं असं मी म्हणत नाही. त्यांना तसं न करण्याची संधी मी दिलीच नाही. ज्या भाषेवर माझं पोट चालतं ती मी वाटखर्ची म्हणून मोजून टाकली होती.

आणि आता ती दुपार. नागपूरहून एक तरुण अनुवादक इथे नोकरीला आली. तमिळ येत नाही म्हणून घर बघायला मला बरोबर घेऊन गेली. आमच्याच भागातली गल्ली, तशीच पाटी, दुसऱ्या मामी. गाव कुठलं, जेवण कसलं, याची उत्तरं झाली. मग त्यांनी तिसरं विचारलं आणि मी सवयीने मराठी केलं: ‘तुम्ही कोणापैकी, असं विचारतायत.’ ती मामींकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली. मग शांतपणे तिने सांगितलं. मला त्याचं तमिळ करावं लागलं नाही. मामींना तो शब्द कळला. घर कालच कुणाला तरी कबूल केलंय, असं त्या म्हणाल्या. पाटी पुढे तीन आठवडे तिथेच होती.

जिना उतरताना ती म्हणाली, ‘ताई, तेवढं एक वाक्य गाळलं असतं तरी चाललं असतं.’

अनुवादकाने काही गाळू नये, असं मला शिकवलं गेलं आहे. तिला काय उत्तर द्यावं ते मला त्या दिवशी सुचलं नाही. ती आता सैदापेठेला राहते, आमच्यापासून एका स्टेशनाच्या अंतरावर. रविवारी लोकलने येते, गच्चीत बसून आम्ही एकमेकींचे मसुदे वाचतो. आमच्या मामी वर कपडे काढायला येतात तेव्हा ‘साप्पिट्टिया?’ म्हणून तिला विचारतात. जेवलीस का. मामींनी तिला याशिवाय अजून काही विचारलेलं नाही, आणि त्यांनी विचारलं तर ते मराठीत आणायचं नाही, एवढं मी ठरवलं आहे.