झडप उघडली कोणी?

महायुद्धाच्या इतिहासात सेनापतींना प्रकरणं मिळतात, तोफांना परिशिष्टं मिळतात, संडासाला मात्र साधी तळटीपही मिळत नाही. वास्तविक यू-१२०६ ही धडधाकट जर्मन पाणबुडी संकटात सापडली ती शत्रूच्या पाणतीरामुळे नव्हे, घरच्याच संडासामुळे!

आधी अडचण समजून घेऊ. चाळीत या बाबतीतली अडचण रांगेपुरती असते. पाणबुडीत रांग असेच. माणसं पन्नास आणि संडास दोन. त्यातला एक सफरीच्या सुरुवातीला पुष्कळदा खाण्याच्या सामानाने भरलेला. पण खरा शत्रू दाराबाहेर उभा असे, तो म्हणजे समुद्र. दर १० मीटर खोलीला प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलोचा दाब वाढतो. म्हणजे ६० मीटरवर नखाएवढ्या जागेवर सहा किलो. अशा वेळी आतली वस्तू बाहेर ढकलायची म्हणजे समुद्राशी कुस्तीच की! अमेरिकनांनी मैला टाकीत साठवायची सोय केली होती. जर्मनांना टाकीपुरतीही जागा परवडेना, तेव्हा पाणबुडी खोलात असली की मंडळी पोट आवळून बसत किंवा बादली जवळ करत. मग युद्धाच्या उत्तरार्धात त्यांच्या इंजिनियरांनी खोल पाण्यातही चालणारा संडास काढला.

त्याचं तत्त्व बँकेतल्या माणसाला चटकन कळेल. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि दोन्ही एकत्र आल्याखेरीज ती उघडत नाही. इथे बरोबर उलटं. झडपा दोन, पण दोन्ही एका वेळी उघड्या राहता कामा नयेत. आतली उघडून माल मधल्या कोठडीत सोडायचा, ती घट्ट बंद करायची, मग बाहेरची उघडायची आणि दाबाच्या हवेने सगळं समुद्रात फुंकून द्यायचं. क्रम चुकला की आतलं बाहेर जायच्या ऐवजी बाहेरचं आत! हे काम इतकं नाजूक, की त्यासाठी खास शिकवून तयार केलेला माणूस लागे. ऐन निकडीच्या वेळी दुसऱ्याला हाक मारायची म्हणजे काय प्रसंग असेल, कल्पना करा.

१४ एप्रिल १९४५. स्कॉटलंडच्या पीटरहेड गावाजवळ सुमारे ६० मीटर खोलीवर कप्तान कार्ल-अडोल्फ श्लिट यांची ही पाणबुडी पहिल्याच युद्धसफरीवर होती. पाणी आत घुसलं आणि खालच्या बॅटऱ्यांपर्यंत पोचलं. खारं पाणी आणि बॅटरी यांची गाठ पडली की क्लोरीन वायू होतो. पाणबुडीला खिडक्या नसतात. श्वास घ्यायचा तर वर येण्यावाचून गत्यंतर नव्हतं. वर आली, तर विमानांनी गाठलं. शेवटी कप्तानाने स्वतःच ती बुडवायचा हुकूम दिला. चार जण मेले, ४६ वाचले आणि कैद झाले. जर्मनीची शरणागती अवघ्या २४ दिवसांवर होती.

आता चौकशी. झडप उघडली कोणी? एक कथा सांगते की खुद्द कप्तानसाहेब आत गेले होते, त्यांना यंत्र आवरेना, म्हणून बोलावलेल्या माणसाने भलतीच झडप फिरवली. कप्तानांचं म्हणणं निराळं. आपण तेव्हा इंजिनापाशी दुरुस्तीत होतो आणि पुढच्या भागात गळती झाल्याची खबर तिथे आली. म्हणजे आमच्यासारखंच! रोकड जुळली नाही की रजिस्टर चुकीचं आखलंय का, हे कोणी बघत नाही. आधी सही कोणाची ते बघतात. सहा किलोच्या दाबापुढे माणसाच्या स्मरणशक्तीवर चालणारी झडप ठेवायची आणि तिथलं पाणी पोचेल अशा जागी खाली बॅटऱ्या मांडायच्या, हा नकाशा कोणी पास केला, ते मात्र गोष्ट सांगणारा विचारत नाही. त्याला कप्तानाचं हसू करायचं असतं. त्या चार घरांत मात्र कोणी हसलं नसेल.

१९७० च्या दशकात उत्तर समुद्रातल्या फोर्टीज क्षेत्राचं तेल किनाऱ्यावर आणायचा नळ टाकण्यासाठी तळाची पाहणी झाली, तेव्हा या पाणबुडीचे अवशेष हाती लागले. एका नळाने घालवलेली वस्तू दुसऱ्या नळाने शोधून दिली! नकाशावरची सही मात्र अजून कोणी शोधायला गेलेलं नाही.