पंपाची वॉरंटी आणि 15.8 अब्ज डॉलर

आजची गोष्ट पंपापासून सुरू होते. मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप बसला. वॉरंटी आहे की संपली, कुणालाच पत्ता नाही. ताबा देताना बिल्डरने दिलेल्या तीन जाडजूड फाइली उपसल्या. पंपाचं पान सापडलं, पण त्यावर मॉडेल भलतंच! शेवटी वर्गणी काढून नवा घेतला.

हे दुखणं फक्त आपलं नाही बरं का. अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी संस्थेने 2004 मध्ये एक हिशोब मांडला. ऑफिसं, हॉस्पिटलं, कारखाने अशा मोठ्या इमारतींच्या कामात एका सॉफ्टवेअरची माहिती दुसऱ्याला कळत नाही, म्हणून 2002 या एका वर्षात 15.8 अब्ज डॉलर वाया गेले. तीच माहिती पुन्हा टाइप करा, शोधा, तपासा. यातला दोन तृतीयांश भुर्दंड मालकांवर आणि इमारत चालवणाऱ्यांवर पडला. नकाशे काढणारे, बांधणारे कधीच निघून गेलेले असतात ना!

इलाज त्याआधीच सुरू झाला होता. 1994 मध्ये ऑटोडेस्कने काही अमेरिकन कंपन्या एकत्र आणल्या. पण एकाच विक्रेत्याच्या तालावर बाकीचे का नाचतील? म्हणून वर्षभरात दार सगळ्यांना उघडलं, आणि पुढे आयएफसी या खुल्या फॉरमॅटची पहिली आवृत्ती आली. जुन्या कॅडमध्ये भिंत म्हणजे नुसत्या रेघा. आयएफसीमध्ये भिंत ही 'भिंत' असते, तिला स्वतःची ओळख असते, आणि दार कुठल्या भिंतीत बसलंय हेही लिहिलेलं असतं. फाइल साधी टेक्स्ट असते, नोटपॅडमध्ये उघडून बघा. मी पहिल्यांदा उघडली तेव्हा अर्धा तास नुसता स्क्रोल करत बसलो होतो. 2013 मध्ये तिला आयएसओ 16739 हा पूर्ण दर्जा मिळाला.

पण पंपाचं काय? देखभालीच्या माणसाला थ्रीडी मॉडेल नकोच असतं. त्याला हवा सिरियल नंबर, खोली आणि वॉरंटी. हे ओळखलं अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअर दलातल्या बिल ईस्ट यांनी. 2007 च्या सुमारास त्यांनी कोबी आणलं. सूत्र असं की माहिती ज्याच्या हातात पहिल्यांदा येते, त्यानेच ती तेव्हाच भरायची. आणि भरायची कशात? चक्क एक्सेलमध्येही चालतं! आम्ही डेव्हलपर लोक एक्सेलला नाकं मुरडतो, पण मला तरी हा निर्णय सगळ्यात शहाणा वाटतो. साइटवर एक्सेल सगळ्यांना येतं.

नव्या पंपाचा सिरियल नंबर मी शीटमध्ये टाकला आणि ग्रुपवर पाठवला. सेक्रेटरी काकांनी त्याची प्रिंट काढून चौथ्या फाइलीत लावली.