ऑक्टोपसपालन, घरगुती

शीर्षपाद वर्गातील ऑक्टोपस हा मृदुकाय प्राणी घरातील खाऱ्या पाण्याच्या काचटाकीत पाळण्याचा छंद. युरोप व अमेरिकेत तो थोड्याफार प्रमाणात रुजला. महाराष्ट्रात जवळजवळ नाहीच. प्रस्तुत नोंद मुख्यतः बुजऱ्या, निशाचर जातींविषयी आहे.

इतिहास : काचेच्या टाकीत सागरी प्राणी ठेवून त्यांचा अभ्यास करण्याची पद्धत ऑक्टोपसांच्याच एका नातेवाइकामुळे सुरू झाली. झान व्हिल्प्रो-पॉवर या फ्रेंच विदुषी सिसिलीतील मेसिना येथे राहत असत. आर्गोनॉट हा कवचधारी प्राणी आपले कवच स्वतः बनवतो की दुसऱ्या प्राण्याचे बळकावतो, हा त्या काळचा वादाचा प्रश्न होता. तो सोडवण्यासाठी त्यांनी १८३२ मध्ये काचेच्या टाक्या करवून घेतल्या, पिल्ले वाढवली, कवचांचे तुकडे मुद्दाम तोडले आणि प्राणी ते सांधतो हे दाखवले. कवच आर्गोनॉटचेच ठरले. रिचर्ड ओवेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८५८ मध्ये मत्स्यालयाच्या शोधाचे श्रेय त्यांना दिले. पुढे १८७२ मध्ये आंटोन डोर्न यांनी नेपल्स येथे सागरी संशोधन केंद्र स्थापन केले. ऑक्टोपसाच्या शिकण्याच्या क्षमतेवरचे विसाव्या शतकातील बरेच प्रयोग तेथलेच. घरगुती पालनाचा इतिहास मात्र कोणी नीट लिहिलेला नाही.

जाती : भारताच्या किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात येणाऱ्या ऑक्टोपसांत अँफिऑक्टोपस व सिस्टोपस या प्रजातींचा भरणा असतो. यांतील बऱ्याच जाती वाळू-चिखलात किंवा रिकाम्या शिंपल्यांत दडून राहतात आणि अंधार पडल्यावर बाहेर येतात. कॅलिस्टोऑक्टोपस प्रजातीही निशाचर आहे. याउलट लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींवरील ऑक्टोपस सायनिया दिवसा शिकार करतो. निळ्या कड्यांचा ऑक्टोपस (हॅपालोक्लीना) कोणीही पाळू नये. त्याच्या चाव्यातील टेट्रोडोटॉक्सिन या विषावर उतारा नाही.

पाणी : पालनातील यशापयश बहुतांशी येथेच ठरते, म्हणून हा भाग विस्ताराने दिला आहे. विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास, म्हणजे दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार लागतात. मध्यम आकाराच्या जातीला निदान २०० लिटरची टाकी हवी. तेव्हा पहिल्या भरण्यालाच सात किलो सागरी मिश्रक्षार जातो. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादींचे सागरी प्रमाण नसते. मिश्रण आरओच्या पाण्यात करावे. पीएच ८.१ ते ८.४ ठेवावा. अमोनिया व नायट्राइट शून्य हवेत. त्यासाठी टाकी दगड-वाळूसह दोन-तीन महिने आधी चालवून जिवाणूंची वाढ होऊ द्यावी लागते. ही तयारी न करता प्राणी घाईने सोडणे, हेच तो दगावण्याचे सर्वांत नेहमीचे कारण. ऑक्टोपस मांसाहारी व खादाड असल्याने त्याची घाण त्याच आकाराच्या माशापेक्षा बरीच जास्त. प्रोटीन स्किमर (फेसाद्वारे सेंद्रिय घाण काढणारे यंत्र) व नियमित पाणीबदल टाळता येत नाहीत.

तांब्याचा मुद्दा स्वतंत्रपणे सांगायला हवा. ऑक्टोपसाचे रक्त निळे असते, कारण त्यातील प्राणवायुवाहक हीमोसायनिन हे प्रथिन तांबेयुक्त असते. तरीही पाण्यात विरघळलेले तांबे त्याला अत्यल्प मात्रेतही मारक ठरते. तांब्या-पितळेच्या भांड्यात साठवलेले पाणी, पितळी तोट्या आणि माशांच्या रोगांवरची तांबेयुक्त औषधे तिन्ही वर्ज्य. पूर्वी असे औषध वापरलेली टाकी धुऊनही घेऊ नये.

उष्ण कटिबंधातील जातींना २२ ते २६ अंश सेल्सिअस मानवते. पाणी त्याहून तापले की विरघळलेला प्राणवायू कमी होतो, चयापचय वाढतो आणि मुळातच अल्प असलेले आयुष्य आणखी आखडते.

झाकण : ऑक्टोपसाच्या शरीरात हाड नाही, कठीण भाग म्हणजे पोपटासारखी चोच. ती जेथून जाईल तेथून सारा प्राणी जातो. २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या नेपियर येथील मत्स्यालयातून इंकी नावाचा ऑक्टोपस झाकणाच्या फटीतून निघून सांडपाण्याच्या नळीवाटे समुद्रात गेल्याचे प्रसिद्ध आहे. घरातल्या टाकीला नळी व तारांसाठी ठेवलेल्या फटी स्पंजाने बुजवाव्यात, झाकणाला कडी लावावी.

प्रकाश व बुजरेपणा : निशाचर ऑक्टोपस घरी आणल्यावर काही दिवस, कधी काही आठवडे, दिसतच नाही. कपार, मोठा शंख किंवा आडवे मातीचे मडके दिल्यास तो तेथे बसतो व तोंडाशी दगड ओढून घेतो. त्याला बाहेर काढण्यासाठी मडके हलवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. त्याने प्राणी खाणे सोडतो किंवा शाई सोडतो, आणि बंद टाकीत शाई त्याच्याच कल्ल्यांना घातक ठरते. बहुतेक ऑक्टोपसांच्या डोळ्यांत एकच प्रकाशग्राही रंगद्रव्य असते व त्यांना तांबडा प्रकाश फारसा जाणवत नाही. म्हणून रात्री मंद तांबड्या दिव्यात निरीक्षण करतात. तेजस्वी दिव्यांचा त्यांना राग येतो की कसे, हे सिद्ध नाही; पण पीटर ड्यूज यांच्या नेपल्समधील प्रयोगात (१९५९) चार्ल्स नावाच्या ऑक्टोपसाने टाकीवरचा दिवा वारंवार पाण्यात ओढला व प्रयोगकर्त्यांवर पाण्याच्या चिळकांड्या उडवल्या, अशी नोंद आहे. त्याच प्रयोगातील अल्बर्ट आणि बर्ट्रम यांनी मात्र कळ ओढून मासा मिळवण्याचे काम मुकाट्याने केले. यावरून स्वभावभेद मानावा का, याविषयी मतभेद आहेत.

अन्न : खेकडे, कोळंबी, शिंपले. खाद्य संध्याकाळनंतर चिमट्याने बिळाशी धरावे. टाकीत मासे ठेवल्यास तेही खाद्यच. गोड्या पाण्यातील झिंगे व खेकडे अधूनमधून चालतात, परंतु कपाशीवरील फवारणीच्या हंगामात शेत-ओढ्यांतले खेकडे घेऊ नयेत.

रोग : खास औषधोपचार फारसे उपलब्ध नाहीत.

आयुष्य : बहुतेक लहान-मध्यम जाती एक ते दीड वर्ष जगतात. मादी अंडी घातल्यावर ती राखत बसते, अन्न टाकते आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास मरते. समागमानंतर नरही खंगत जातो. जेरोम वोडिन्स्की यांनी १९७७ मध्ये दाखवले, की डोळ्यांजवळील ग्रंथी काढून टाकल्यास मादी अंडी सोडून पुन्हा खाऊ लागते व अधिक काळ जगते. म्हणजे हा मृत्यू ग्रंथीच घडवून आणते. समुद्रातून पकडलेल्या प्राण्याचे वय कळत नाही, त्यामुळे विकत घेणाऱ्याच्या वाट्याला बहुधा त्याचे शेवटचे काही महिने येतात.

कायदा : प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० मध्ये ‘प्राणी’ या संज्ञेत मनुष्येतर कोणताही सजीव येतो, ऑक्टोपस त्यातून सुटत नाही. टाकी सजवण्यासाठी प्रवाळ किंवा प्रवाळयुक्त दगड आणणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे गुन्हा ठरते. ब्रिटनने २०२२च्या कायद्यात शीर्षपादांना संवेदनक्षम मानले आहे.

महाराष्ट्र : मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते खुले झाले, राज्यातील अनेकांची सागरी प्राण्यांशी पहिली ओळख तेथेच झाली. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या डबक्यांत ऑक्टोपस आजही दिसतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमाने २०१७ पासून अशा किनाऱ्यांवर पदभ्रमंत्या घेऊन तेथील जीवांच्या नोंदी केल्या आहेत.

विदर्भात परिस्थिती सर्वस्वी वेगळी आहे. उदाहरणार्थ, यवतमाळ जिल्ह्यातील राजूर (ता. वणी) या कोळसाखाणींच्या गावापासून सर्वांत जवळचा समुद्र अरबी नव्हे, बंगालचा उपसागर आहे, आणि तोही सरळ रेषेत सुमारे ५०० किमी. वणी-मुकुटबन पट्ट्यातील चुनखडक प्राचीन सागरतळावर साचले; त्यांच्या वयाबद्दल एकमत नाही, परंतु शीर्षपाद उत्क्रांत होण्याच्या कितीतरी आधीचे ते आहेत. आजचे भूजल कठीण असून जिल्ह्यातील अनेक गावांत त्यात फ्लोराइड आढळते, म्हणजे आरओशिवाय सुरुवातच नाही. मे महिन्यात हवेचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते. पाणी २६ अंशांवर ठेवण्यासाठी शीतकयंत्र दिवसरात्र चालले पाहिजे. दुपारी वीज दोन-तीन तास गेली, की बॅटरीवरचा हवापंप प्राणवायू देतो, पण पाणी थंड ठेवू शकत नाही. मुंबईहून पिशवीतून आणताना साठणारा अमोनिया आणि प्रवासातच सुटणारी शाई हे धोके आणखी निराळे. एवढी व्यवस्था लावूनही प्राणी दिवसभर मडक्यात आणि वर्षाच्या आत मृत, हा हिशेब पाहता समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यांत हा छंद करू नये, असे प्रस्तुत संकलकाचे मत आहे.