तळ्याच्या पायऱ्या

“गुरुजी, धोबीतलाव आला म्हणता, पण तळे कुठे आहे?” मुंबईच्या सहलीत एका मुलाने मला विचारले. प्रश्न रास्त होता. तिथे खरोखरच तळे होते. फ्रामजी कावसजी बानाजी यांनी १८३१ साली पदरचे पुष्कळ पैसे खर्चून ते बांधले होते.

मुंबईभोवती समुद्र, विहीर खणावी तर पाणी मचूळ लागायचे भय. म्हणून गोडे पाणी साठवून देणे हे मोठे पुण्य मानीत. माणसाला पाण्यापर्यंत सुखाने उतरता यावे, म्हणून पुष्कळ तळ्या-विहिरींना पायऱ्याही बांधीत. घात झाला तो तिथेच.

माझ्या आजीच्या घोट्यावर नारूचा व्रण होता. हातभर लांबीचा तो जंत काडीवर गुंडाळीत रोज थोडाथोडा ओढून काढायचा. आजीने तो भोग भोगला होता. आग शमावी म्हणून रोगी पाय पाण्यात बुडवी, की जंताची असंख्य पिले पाण्यात उतरत. डोळ्यांना जेमतेम दिसणारे जलजीव ती गिळीत, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात वर्षभराने नवा नारू डोके वर काढी. औषध सापडले नाही. उपाय मात्र गवंड्याच्या हाती होता. पायऱ्या बंद करा, कठडा बांधा, रहाट लावा!

मुंबईने निराळी वाट धरली. १८५४ साली पाण्याचे हाल झाले, तेव्हा हेन्री कॉनिबेअरच्या योजनेनुसार मिठी नदी वस्तीपासून दूर, डोंगरांत अडवली. १८६० साली विहारचे पाणी लोखंडी नळांतून शहरात आले. पाणी आणि पाय यांची फारकत झाली. पुढे तळी बुजली, नावे तेवढी उरली.

खेड्यांतून मात्र नारू जायला आणखी शंभरावर वर्षे लागली. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली आढळला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला. ती बातमी मी आजीला वाचून दाखवली. घोट्यावरून हात फिरवीत ती म्हणाली, “बरे झाले हो. पण पायऱ्या बांधणाऱ्याला बोल लावू नकोस. त्याने तहानच पाहिली होती.”

सहलीत मुलांना मी बाणगंगेवरही नेले. समुद्र हाकेवर, तरी पाणी गोडे. काठच्या पायऱ्यांवर बसून त्यांना मी आजीचे हे बोल सांगितले.