मऊ केसांचं बळ

इसवी सनापूर्वी 220चा सुमार. तुम्ही छिन साम्राज्यातल्या एका कचेरीत चटईवर बसला आहात. आजच्या नकाशावर हा भाग हुबेइ प्रांतातलं युनमंग. समोर शी नावाचा कारकून कायद्याची कलमं उतरवतोय. त्याच्या डाव्या हातात बांबूची पट्टी आहे, करंगळीहूनही अरुंद. तिच्यावर एकच ओळ मावते, वरून खाली. अक्षर चुकलं की तो चाकूनं ते खरवडतो आणि पुढं लिहू लागतो.

त्याच्या कुंचल्याकडे नीट बघा. दांडीचं टोक कोरून पोकळ केलंय आणि केसांचा झुपका आत बसवलाय. याच काळातल्या मंग थ्येन या सेनापतीनं कुंचला शोधला, असं चिनी परंपरा सांगते. पण कुंचला त्याच्याहून जुना आहे. छांगशाजवळच्या छू राज्याच्या काळातल्या थडग्यात 1954 साली सशाच्या केसांचा कुंचला मिळाला. त्यात केस दांडीच्या बाहेरून गुंडाळून दोऱ्यानं आवळले होते. शीच्या कुंचल्यात ते आत गेले. ही छोटीशी सुधारणा आजतागायत टिकली आहे. शी इसवी सनापूर्वी 217 मध्ये मरेल. पट्ट्या आणि तीन कुंचले त्याच्यासोबत पुरले जातील आणि 1975 साली श्वेइहूदीच्या थडग्यातून बाहेर येतील.

आता दोन हजार वर्षं पुढं या. अठराव्या शतकाची अखेर, हूजौजवळचं शानल्येन गाव. इथं घरोघरी कुंचले बनतात. पाण्याच्या कुंडाशी बसलेली बाई बोकडाचे ओले केस कंगव्यानं विंचरते, टोकं जुळवते, वाकडा किंवा टोक नसलेला केस वेचून टाकते. टोक अणकुचीदार, दाबल्यावर कड सरळ, पोट गोल आणि केसांत उसळी: चांगल्या कुंचल्याच्या या चार कसोट्या.

तयार कुंचला हातात घ्या. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट दांडी धरतात, अनामिका आतून बाहेर रेटते, करंगळी तिला टेका देते. तळहात पोकळ ठेवा, मनगट उचला. आता एक आडवी रेघ. टोक आधी किंचित उलट दिशेला न्या, म्हणजे ते रेघेच्या पोटात लपेल. मग दाबा, वळा, पुढं चला. चालताना टोक रेघेच्या मधोमध राहू द्या. शेवटी उचला आणि टोक मागं वळवून थांबवा. आपल्या बोरूचं टोक तिरपं कापलेलं असतं, त्यामुळं देवनागरीची जाडी-बारीकी धरण्याच्या कोनातून येते. इथं ती दाबातून येते. सशाचे केस दाब सुटताच सरळ होतात. बोकडाचे केस शाई भरपूर धरतात, पण वाकले की वाकलेलेच राहतात, त्यांना हातानंच सावरून उभं करावं लागतं. म्हणून रेघेत जे बळ दिसतं ते लिहिणाऱ्याचं असतं.

ते बळ डगमगताना बघायचं असेल तर मागं फिरा. 758 सालचा नववा महिना, थांग राजवट. पूजौचे प्रशासक यान जेनछिंग आपल्या पुतण्याच्या श्राद्धासाठी मजकूर लिहायला बसलेत. आन लूशान या सेनापतीच्या बंडात 756 साली छांगशान शहर पडलं, चुलतभाऊ मारला गेला, त्याचा मुलगा जीमिंगही. मुलाचं फक्त शीर हाती लागलं.

तुम्ही त्यांच्या खांद्यामागं उभे आहात. पहिल्या ओळी संथ आहेत, अक्षरं सुटी, शाई दाट. मजकूर शहराच्या पाडावाशी येतो आणि खाडाखोड सुरू होते. शब्द खोडले जातात, शेजारी नवे लिहिले जातात. अक्षरं मोठी होतात, एकमेकांत गुंततात. शाई संपत आली तरी हात दौतीकडे जात नाही. केस कोरडे पडून फाकतात आणि रेघेच्या आत कागदाचा पांढरा रंग दिसू लागतो. मग एकदम पुन्हा काळीभोर शाई. तरीही टोक मध्य सोडत नाही. इतक्या वर्षांचा सराव शोकातही हाताला धरून ठेवतो.

हा कच्चा खर्डा होता, कुणाला दाखवण्यासाठी लिहिलेला नव्हता. तरी चिनी परंपरा त्याला सुलेखनाच्या सर्वोच्च नमुन्यांत गणते, आणि ते योग्यच आहे. सुबक अक्षर शिकता येतं. इथं त्या शिक्षणाची परीक्षा झाली आहे. आज तो तैपेइच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. त्याचं छायाचित्र मिळालं तर चिनी येत नाही म्हणून पान उलटू नका. उजवीकडून सुरुवात करा, वरून खाली या, आणि शाई कुठं दाटते, कुठं आटते एवढंच बघत चला.