खूणचौकट-समायोजन (वेब नकाशा)

परस्परसंवादी वेब नकाशावरील सर्व खुणा एकाच वेळी दिसतील असे केंद्र आणि झूम-पातळी आपोआप ठरविण्याची क्रिया. व्होलोदिमिर अगाफोन्किन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘लीफलेट’ या मुक्तस्रोत जावास्क्रिप्ट संग्रहात ती ‘फिटबाउंड्स’ या आज्ञेने होते.

प्रथम खुणांच्या अक्षांश-रेखांशांतील किमान व कमाल मूल्यांवरून आयताकृती चौकट काढतात. शून्य पातळीवर सारे जग २५६ पिक्सेल रुंद असते. पुढे दर पातळीला ही रुंदी दुप्पट होते. चौकट ज्या सर्वांत मोठ्या पातळीवर पूर्ण मावते ती निवडली जाते. लीफलेटमध्ये पातळ्या सहसा पूर्णांकी असल्याने चौकट थोडक्यात मावली नाही, तर नकाशा एकदम निम्म्या आकाराचा होतो.

चौकट बिंदूंची असते, चित्रांची नव्हे, आणि खरी अडचण येथेच आहे. लीफलेटची नेहमीची निळी खूण २५ पिक्सेल रुंद व ४१ पिक्सेल उंच असून तिचे टोक स्थानावर टेकते. त्यामुळे सर्वांत उत्तरेकडील खुणेचे डोके वरच्या कडेला कापले जाते. म्हणून चारही बाजूंना समास सोडतात. वरचा समास खुणेच्या उंचीहून अधिक हवा, आणि बाजूला माहितीफलक असेल तर तिकडचा समासही वाढवावा. मूळ मूल्य शून्य असल्याने तो विसरला जातो, ही वापरणाऱ्याची गैरसोयच होय.

एकच खूण असल्यास चौकटीला आकार उरत नाही व नकाशा कमाल पातळीवर जातो. तेथे वरची मर्यादा घालावी लागते. फिजीसारखी, १८० रेखांशाच्या दोन्ही बाजूंना पसरलेली बेटे दाखविताना चौकट जगभर ताणली जाते. पश्चिम रेखांशांत ३६० मिळविल्यास ती आटोपशीर होते.